ब्रेकची नळी मी नेली होती, आबा

ती. आबांना,
तुमच्या सुनेचा पाया पडून नमस्कार.

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत हे पाहुण्यांना सांगत होते, "शेवटी डोळ्यांनी दगा दिला आबांना. डॉक्टरांची गाडी घाटात बंद पडली, तेव्हापासून मीच त्यांना इंजिनाला हात लावू दिला नाही." सगळे हळहळले. मी आमटी वाढत होते. आबा, मी तेव्हाही काही बोलले नाही! म्हणून आता लिहायला बसले.

सामान आणायला हे बाजारात गेले की तुम्ही परसातल्या गॅरेजातून हाक मारायचात, "शालन, जरा तुजं डोळं दे गं." उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्यानं अंधूक दिसायचं, आणि हे फक्त मला ठाऊक. मी पदर खोचून यायचे. इंजिन नळ्यांतून हवा ओढतं, त्या ओढीवर वायपर फिरतो, ब्रेक हलका लागतो, हे तुम्हीच शिकवलंत. सातवी झालेल्या सुनेला असं कोण शिकवतं हो?

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या जुन्या विलायती गाडीच्या नळ्या कडक होऊन तडकल्या. तुम्ही बाकड्यावर बसून सांगत होतात, मी नव्या बसवत होते. ब्रेकची शेवटची.

"वळसा घालून ने, पोरी. सायलेन्सरच्या पायपाला टेकली तर वितळंल."

वळसा काही नीट बसेना. घरात बाळ रडत होतं, सासूबाई हाका मारत होत्या. मी नळी सरळच ओढली, पट्टी आवळली आणि म्हणाले, "बसली, आबा." पायपापासून बोटभरच लांब होती. एकदा हात फिरवून बघायचंत ना! इतका कसला विश्वास?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राहुरीला एका अडलेल्या बाळंतिणीकडं निघाले आणि विळदच्या घाटात गाडी बंद पडली. हादऱ्यांनी नळी खाली येऊन वितळली होती आणि त्या भोकातून भलतीच हवा ओढून इंजिन बंद पडलं होतं. डॉक्टर कसेबसे एका ट्रकनं पोचले. बाई वाचली, देवाची कृपा. पण गाडी ओढून आणली तेव्हा ते संतापले होते. "ही नळी कुणी अशी नेली?"

मी दारात होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"म्या नेली, सायेब. दिसत न्हाई आता मला."

पोटच्या पोरापासून लपवलेली गोष्ट तुम्ही माझ्यासाठी चारचौघांत सांगून टाकलीत. यांनी तुमच्या हातातला पाना काढून घेतला. आणि मी? सून गॅरेजात हात काळे करते हे कळेल, म्हणून गप्प राहिले. एवढ्यासाठी!

मग तुम्ही नुसते ओट्यावर बसून राहायचात. ऑपरेशनचं काढलं की म्हणायचात, "आता बघायचं काय हाय?" एकदा मी रडून म्हणाले, "सांगते मी यांना." तर शपथ घातलीत. "माजं काय, दोन दिस. तुला ह्या घरात जन्म काढायचाय."

खरं सांगू? ती शपथ मला सोयीची वाटली, आबा. पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात.

पाहुणे गेल्यावर आज मी यांना सगळं सांगितलं. हे ओट्यावर तुमच्या जागी जाऊन बसले. मग म्हणाले, "मी त्यांच्या हातातून पाना हिसकावला होता, शालन. गिऱ्हाइकासमोर." आणि लहान पोरासारखे रडले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं!

उद्या सकाळी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाणार आहे. एकटीच. नळी मी चुकीची नेली, आमच्या आबांनी नाही, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणार आहे. तुमची शपथ मोडते आहे. राग आला तर येऊ द्या. पण माझी चूक तुमच्या नावावर आता एक दिवसही राहू देणार नाही.

तुमची अपराधी पोर,
शालन