पाणी दे, उंडो नको

चोपडे, पेडणे
सप्टेंबर १९८७

प्रिय गौरवी,

विसरभोळ्यांची राणी गो तू! मे महिन्यात आलीस आणि जाताना छत्री विसरलीस, फणी विसरलीस, उंडो विसरलीस, पुण्याला पोचल्यावर आजीलाही विसरलीस. (उंडो मध्येच कुठून आला ते पुढे सांगते. देवकी, तू आले तसे लिही, खोडू नकोस.) मला अक्षर येत नाही, म्हणून तुझ्या आईलाच बसवले आहे लिहायला. तुझे पत्र पोचले. इस्पितळातले काम सोडून कायमची घरी येते म्हणतेस. त्याचे उत्तर देईन, पण आधी माझे ऐक.

आणखी एक वस्तू तू विसरलीस, ती कॅसेट. तुझ्या पुण्याच्या इस्पितळातल्या, मनाने खचलेल्या माणसांना ऐकवायची म्हणून तू मला जात्यापाशी बसवून ओव्या भरून घेतल्यास, आणि तांदळाच्या पिंपावर ठेवून निघून गेलीस. तेव्हा मी तुला हसले होते. म्हटले, माझ्या घोगऱ्या गळ्याने बरा असलेलाही आजारी पडेल.

मग तुझ्या बापसाने तुला लिहिले, आजीला जरा सर्दी झाली आहे, चवथीला येऊ नकोस, कामाची रजा काढू नकोस. सर्दी नव्हती गो ती. गोवा राज्य झाले, त्या दिवशी पेडण्याला फटाके वाजत होते आणि मी परसात बांगडे साफ करत होते. उजव्या हातातली सुरी पडली, तोंड वाकडे झाले. गोव्याला राज्य मिळाले, माझे गेले. म्हापशाच्या इस्पितळात डॉक्टर तुझ्या बापसाला विचारतो, ह्या कोकणी बोलतात की मराठी? त्या एका प्रश्नावरून बाहेर लोकांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि माझ्याकडे दोन्हींतले काही उरले नव्हते. उरला एकच शब्द. उंडो.

पाणी मागायला तोंड उघडले, उंडो. कूस बदलायची होती, उंडो. तुझा बापूस आईवेडा, धावला पोदेराकडे पाव आणायला. सकाळी उंडे, संध्याकाळी उंडे. मी रागाने ओरडले, उंडो! तर म्हणतो, आई, हा शिळा लागला काय? कोंबड्या तेवढ्या माजल्या. आत सगळे शब्द जागच्या जागी होते गो, दार तेवढे लागलेले. भेटायला आलेली शेजारची धाकू माझ्यासमोरच म्हणाली, म्हातारीचे आता संपले. तिला द्यायच्या शिव्या मला सगळ्या आठवत होत्या, एकही बाहेर येईना.

मग एका दुपारी तुझ्या आईने ती कॅसेट लावली. माझ्यासाठी नव्हे हो, सुरुवातीला तू ‘आजी, आणखी एक म्हण गो’ म्हणतेस ना, ते ऐकायला. तिला तुझी आठवण झाली होती. पाठोपाठ माझी ओवी सुरू झाली, आणि माझे ओठ तिच्याबरोबर चालू लागले. आख्खी ओवी म्हटली मी. देवकीच्या हातातले सूप पडले. तेव्हा मला अक्कल आली, की दाराला कडी आहे, खिडकीला नाही. डाव्या हाताने पाटावर ठेका धरला आणि जुन्या चालीवर माझे मागणे बसवले:

पाणी दे रे पुता, नको देऊ उंडो,
घशाला कोरड, माझ्या कपाळी धोंडो.

तुझा बापूस पाणी घेऊन आला तो रडतच. आता मात्र लाजतो. म्हणतो, आई, चार माणसांत गात जाऊ नकोस, लोक हसतात. हसू देत. मुक्या बाईला कोणी हसत नाही, तिच्यासमोर तिचे मरण बोलतात. धाकूला मी तिची शिवी चालीवर दिली. पुरी दोन कडवी झाली.

आता तुझे उत्तर. तुझे पत्र बापसाने मोठ्याने वाचले. तुमचे मोठे डॉक्टर म्हणाले, हे इस्पितळ आहे की भजनी मंडळ, आणि चित्रे काढून, गाणी म्हणून कधी कोणी बरे झाले आहे काय? तेवढ्यावर तू खचलीस. बापूस खूश, त्याने लगेच डिचोलीची माणसे तुझ्या सोयरिकीसाठी बोलावली. मला आतल्या खोलीत ठेवले आणि गप्प राहायला सांगितले. मी गप्प? पुष्कळ राहिले होते. कपबश्या वाजल्या आणि मी गळा काढला:

पाव्हण्यांनो चहा घ्या, नारळ परत न्या,
पोर आमची कामात, तिला कामात राहू द्या.

गेले. बापूस माझ्याशी बोलत नाही. बोलेल. लग्न कर हवे तर, पण हरून करू नकोस. हे पत्र मी सांगितले म्हणते, खरे तर गायले आहे, किती दुपारी पाटावर ठेका धरून, ओळ ओळ. जिथे अडले तिथे उंडो पडला. सगळी मी अजून बरी नाही, हात तसाच आहे, पण मोडलेल्यावर चाल लावता येते. कॅसेट पाठवते आहे. दुसऱ्या बाजूला माझा आजचा आवाज आहे, उंड्यांसकट. ती त्या डॉक्टरापुढे लाव आणि हसला तर हसू दे, पण तू खुर्ची सोडू नकोस.

तुझीच, बोलकी
पार्वती आजी

ता. क. दसऱ्याला कोणी येणार असेल तर शेंगदाण्याची चिक्की पाठव. कडक. इथले सगळे मला पेज पाजतात. मऊ काही धाडू नकोस, आणि पाव तर मुळीच नको.