तोंड खिडकीकडे

२ जून
…दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला, ह्यांचे दोन शर्ट दोरीवर टाकले, मग खोलीत जाऊन ह्यांना उताणं केलं. आजारपणात हे पालथेच पडून राहायचे. छातीवर भार येईल म्हणून मी रोज सकाळी सरळ करायची. धड झोपा, म्हणायची. त्या दिवशी दहाला हे गेले. बसमध्ये आज तेच आठवत होतं.

पण दिवस चांगला गेला. नोकरीचा पहिला दिवस. अतिदक्षता विभागात मदतनीस. आकाशी गणवेश, किल्लीसकट स्वतःचं कपाट. सिस्टरांनी पाच मिनिटांत मला मावशी करून टाकलं. म्हणाल्या, इथे पेशंट बोलत नाहीत, त्यामुळे भांडणाची सोय नाही.

३ जून
काम शिकले. फुफ्फुसं निकामी होत आलेल्यांना गाढ गुंगीत ठेवून यंत्राने श्वास देतात आणि सोळा तास पालथं निजवतात. उलटवायला पाच माणसं लागतात. डॉक्टर डोक्याशी, घशातली नळी धरून. दोन्ही बाजूंना दोघं दोघं, गुंडाळलेल्या चादरीची कड घट्ट धरून. तीन म्हटलं की उचलायचं, तीननंतर नाही. एकजण मागे राहिला तर नळी निघेल आणि माणूस जाईल, हे सिस्टरांनी दोनदा सांगितलं.

मग दर दोन तासांनी सिस्टर नळी धरतात, मी मान वळवते आणि तक्त्यात लिहिते : तोंड खिडकीकडे, किंवा तोंड दाराकडे. तीन नंबरला एक शिंपीकाका आहेत. सकाळी आम्ही पालथं करतो, रात्रपाळीवाले उताणं करतात.

५ जून
पालथं का, असं विचारलं तर सिस्टरांनी पुस्तिका दिली. उताणं पडलं की फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग दबतो. पालथं केलं की मोकळा होतो. काकांचा प्राणवायूचा आकडा पंच्याऐंशीवरून त्र्याण्णववर गेलेला मी पाहिलाच होता.

ते पान दोनदा वाचलं. मग डबा खाल्ला.

हे म्हणायचे, असंच बरं वाटतंय, राहू दे ग.

७ जून
दहाला काकांचं तोंड खिडकीकडे केलं, लिहिलं. अकराला दाराकडे होतं. दाराशी माझं स्टूल असतं. नळीला पीळ पडला होता. सिस्टर रागावल्या. काका आपणहून वळले असतील का, विचारलं. त्यांना असं औषध आहे की पापणीसुद्धा हलणार नाही, म्हणाल्या. मग जरा निवळून म्हणाल्या, मावशी, तुमच्यावर डोळा दिसतोय त्यांचा.

डोळे चिकटपट्टीने बंद आहेत.

८ जून
स्टूल खिडकीशी नेलं. तोंड दाराकडे केलं, लिहिलं.

अर्ध्या तासात खिडकीकडे.

९ जून
काकांच्या डाव्या कानामागे तीळ. ह्यांना होता तिथेच. काल नव्हता — रोज मीच पुसते.

कुणाला सांगितलं नाही.

१० जून
काकांना आज पालथं करायला संध्याकाळचे पाच वाजले. म्हणजे उद्या नऊला उताणं करणं आमच्याच हाती. उताणं असताना आकडा टिकला तर डॉक्टर नळी काढतील, बरे होतील. काकू दाराशी उभ्या होत्या. माझा हात धरला. सांभाळून करा हं, म्हणाल्या.

निघताना काकांचं तोंड पुसलं. नळी असताना आवाज निघत नाही, पुस्तिकेत तसं आहे. तरी —

राहू दे ग.

११ जून
दूध तापवलं. गॅस बारीक केला. बस वेळेवर आली.

नऊला चौघं आणि मी. कड घट्ट धरली. तोंड माझ्याकडे. चिकटपट्टीखाली काहीतरी —

डॉक्टर एक म्हणाले. दोन म्हणाले.

तीन म्हणाले. चौघांनी उचललं. मी