दिवाळीत पुसलेली बंदूक

भूपेश,

मी आईले घेऊन गडचांदूरले दाताच्या डॉक्टरकडे चालली. भात झाकून ठेवला आहे, वांग्याची भाजी गरम करून घेजो.

निवडणूक लागली, बंदूक ठाण्यात जमा करा लागते, म्हणून सकाळी पुसाले काढली. बाबाची आटोमॅटिक आहे, एक बार उडाला तरी नळीखालच्या पिस्टनवर काजळी बसते. दिवाळीत मीच सगळं खोलून, तेलाची चिंधी फिरवून ठेवली होती. आज चिंधी काळी निघाली. तेव्हापासून आपल्या वावरात डुक्कर आलं नाई, आणि आलमारीची चाबी आपल्या दोघांजवळच राहते.

तुले विचारलं तर तू म्हणाला, जुनी बंदूक आहे, तेलच काळं पडते. असन. पण मंग तलावावर उतरलेली बदकं एकदम काऊन उडून गेली? आणि फॉरेस्टचा गार्ड परवा दारात येऊन लायसन कोणाच्या नावावर आहे, हे काऊन विचारून गेला? बाबा गेल्यावर ते माझ्या नावावर झालं, भूपेश. तुह्या नाई.

पिस्टन माझ्या पर्समध्ये आहे. बंदुकीले हात लावू नको, उद्या मीच जमा करीन.

रविवारी तू गावठी कोंबडी म्हणून आणली, तीही साफ करून, तुकडे करूनच आणली. आईचा दात ज्यानं तुटला, तो छर्रा मी हळदीच्या डबीत ठेवला आहे. आईले सांगितलं, तांदळातला खडा होता.

तू मले असा खडा सांगू नको.

ताई