मी फक्त पहिलं पान मोजलं

६ जाने.
लिहायला बसले कारण काल सभेत माझ्या आकड्यामुळे सुलभाने गोष्टी वाचणं सोडलं. नजर अधू झालेल्यांसाठी दर सोमवारी एक गोष्ट घरी रेकॉर्ड करून ती आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर टाकायची. सहा वर्षं. मी चिटणीस. साइट कोणी बघतं का, हे पाहायला फुकटचं मोजणीचं साधन लावलं. महिन्यात चौदा जण. महिनाअखेर साइट बंद, असा ठराव मीच मांडला.
"वसू, लोक ऐकतात गं. फोन येतात मला."
"फोन म्हणजे पुरावा नव्हे."
चहा न घेता उठून गेली.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन दरवर्षी पहिली सु. येते. डबा भरून ठेवला होता.

१६ जाने.
मासेवाली यमुनाबाई बोंबील मोजताना :
"बाय, तुमच्या गोष्टीवाल्या बाई आजारी हायत का? नवीन नाय आली. आमी दुपारी जाळी शिवताना लावतो. सासूला डोल्यांनी काय दिसत नाय, ती तर वाटच बघते."
"साइट कशी उघडता?"
"मी काय उघडतेय! सुनेच्या मोबाइलवर निळं येतंय, ते दाबायचं."
म्हणजे लिंक. थेट गोष्टीची. पहिल्या पानावर कोणी जातच नाही. आणि मोजणीचा कोड मी फक्त तिथेच चिकटवला होता.

१७ जाने.
सूचना पुन्हा वाचली. 'प्रत्येक पानावर लावा.' स्पष्ट. तीस वर्षं उत्तरपत्रिकांवर 'प्रश्न नीट वाचा' असं लाल शाईने लिहीत आले.
पडताळ्यासाठी दुसरं साधन, तेही फुकट. सगळ्या पानांवर लावलं. मान धरली.

२४ जाने.
आठवड्याचा आकडा. पहिलं पान : ३ (त्यात दोनदा मीच). गोष्टींची पानं : २१२. जुन्याच गोष्टी, पुन्हा पुन्हा.
फोन करायला धीर होईना.

२५ जाने.
सु.कडे गेले. "चुकले" म्हटलं.
"पुरावा मिळाला वाटतं," म्हणाली. आत बोलावलं नाही. दारही लावलं नाही.
तिच्या हातात दिलं : साइटचा मुख्य पासवर्ड, आजवर फक्त माझ्याकडे असलेला, पाकिटात. मोजणीचा छापील कागद. ठराव मागे घेण्याचा माझा अर्ज, सहीसह. यमुनाबाईंच्या सुनेचा नंबर. तिळगुळाचा डबा.
वाचनालयातली टाचणीसुद्धा मी सहीशिवाय कोणाला दिलेली नाही. आज पोच मागितली नाही.