आवाज माझाच राहील

प्रिय शहाण्या,

तुझी मेल मंगळवारी आली. मी ती तीनदा वाचली आणि बाबांना एकदा मोठ्याने वाचून दाखवली. त्यांचं म्हणणं पडलं की दोन दिवस जाऊ देत, डोकं शांत झाल्यावर उत्तर दे. दोन दिवस थांबले. डोकं काही शांत झालं नाही, तेव्हा आता लिहायलाच बसले आहे. फोन केला असता, पण फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस, आणि मेसेज केला तर उत्तरादाखल नुसता अंगठा येतो. निदान पत्र तरी तू शेवटपर्यंत वाचशील.

आधी मुद्द्याचं लिहिते. तुझ्या ऑफिसात कुणीतरी माझा व्हिडिओ पाहिला. डोक्यावर पोहायची टोपी, टोपीवर हेडफोन, आणि एकोणसाठ वर्षांची बाई तलावाच्या काठावर टेबल मांडून डीजेगिरी करते आहे. तो व्हिडिओ सगळ्या मजल्यावर फिरला, लोक पोट धरून हसले, आणि तुझ्या साहेबांनी जेवताना विचारलं की आडनाव सारखं दिसतंय, ही तुमची कोण. म्हणून तू लिहितोस की रविवारपर्यंत ते गाण्यांचं पेज बंद कर, नाहीतर निदान पूर्वीसारखं कर. माझ्या पोझिशनचा जरा तरी विचार कर. केला विचार. पेज बंद होणार नाही, आणि पूर्वीसारखंही होणार नाही.

तुला वाटतं आईला रिटायर व्हायच्या वयात खूळ लागलं. या खुळाची सुरुवात तुला नीट माहीतच नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. माझा सकाळी दहाचा पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग असतो ना, त्यात सतरा माणसं आहेत, म्हणजे चौतीस गुडघे, आणि त्यातले निम्मे कुरकुरणारे. पाण्यात पाय जमिनीवरच्यासारखा पटकन हलत नाही. व्यायामासाठी म्हणून जी तयार गाणी मिळतात ती इतकी पळत सुटतात की त्यांना गाठायच्या नादात आमचे निवृत्त न्यायाधीश घसरले आणि त्यांनी शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या गळ्यालाच मिठी मारली. त्यावरून आठवडाभर हसणं चाललं होतं, पण मी वर्गात त्या कठड्याकडेच बघत राहायचे. त्यांचं डोकं कठड्यावर आपटलं असतं तर? त्याच आठवड्यात मी ठरवलं की यांच्या गुडघ्यांना झेपेल असं संगीत आपणच करायचं. मिनिटाला शहाण्णव ठोके, त्यापुढे एकही नाही. एक गाणं संपून दुसरं कधी लागलं हे पायांना कळता कामा नये. तरुण मुलं करतात तसं ठोका मध्येच थांबवून मग धाडकन सोडणं आमच्याकडे चालत नाही, कुणीतरी नक्की आडवं होतं.

गाणी जोडता जोडता मी स्वतःचंही काही करू लागले. पाणी गाळायच्या पंपाची धडधड फोनवर टिपली आणि तोच खालचा ठोका केला. लॉकरची दारं, ओल्या फरशीवरच्या चपला, न्यायाधीशांचं पाण्यात शिरतानाचं हुश्श, सगळं घेतलं. दोन गाणी कशी जुळवायची हे मला कुणी शिकवलं नाही. येणारं गाणं आधी नुसतं कानात ऐकायचं, पावलाला पाऊल लागलं की मगच बाहेर सोडायचं, हे माझ्या कानाला आधीपासून ठाऊक होतं. कुठून, ते तुलाही ठाऊक आहे.

आता इंटरनेटवर मी कशी गेले ते ऐक. माझा घसा वरचेवर बसतो, म्हणून मी प्रत्येक मिक्स दोन प्रकारे करून ठेवायचे. एक नुसतं संगीत, आणि एक माझ्या सूचनांसह, म्हणजे घसा बसलेल्या दिवशी तेच लावून द्यायचं. वर्गातल्या बायकांना घरी सराव करायचा होता म्हणून मी नुसतं संगीत चढवायला गेले आणि घाईत चढवलं दुसरंच. चाळीस मिनिटं पंपाच्या ठोक्यावर मी सांगते आहे, तीन, दोन, एक, कठड्याला धरा, श्वास सोडा, घाई कुणाला आहे. चूक लक्षात आली तोवर कुणीकुणी अनोळखी माणसांनी ऐकून खाली लिहिलंही होतं. एकाने लिहिलं, मी भांडी घासत होतो, या बाई कोण आहेत माहीत नाही, पण मी ओट्याला धरलं. मी ते वाचून इतकी हसले की बाबा अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले.

मग तू मदतीला आलास, आणि तुझं श्रेय मी बुडवणार नाही. दुसऱ्यांची नावं मोठी करणं हा तुझा रोजचा धंदा. कुठल्या वारी चढवायचं, पहिल्या पंधरा सेकंदांत काय ऐकू यायला हवं, उभे छोटे व्हिडिओ कसे कापायचे, लिहिणाऱ्या प्रत्येकाला उत्तर का द्यायचं, हे सगळं तू शिकवलंस आणि मी वहीत उतरवून घेतलं. मला खरंच मजा येत होती. आणि मग एका शुक्रवारी मी पेज उघडलं तर तिथे फोटोत एक पंचविशीची मुलगी उभी. ओले केस, हेडफोन, नितळ खांदे. नाव माझंच, म्हणजे वर्गातले लोक मला मारतात ती हाक, मास्तरीण, आणि त्याखाली ती पोरगी. माझा आवाज प्रत्येक मिक्समधून तू काढून टाकला होतास. तू म्हणालास, आई, लोकांना काय आवडतं ते मला कळतं, बघ आता आकडे कसे चढतात. आकडे चढलेही. चार महिने मी ते तसंच चालू दिलं. कपडे बदलायच्या खोलीतल्या आरशासमोरून जाताना मान खाली घालायचे. आपल्याच नावाखाली आपण शोभत नाही असं मला वाटायला लागलं होतं, आणि हे तुला मी कधी बोलले नाही, ती माझी चूक.

मला त्यातून बाहेर काढलं एका पाववालीने. भट्टीवर कणीक मळताना ती माझे मिक्स ऐकते. तिने लिहिलं की त्या दटावणाऱ्या बाई कुठे गेल्या, त्या नसल्यापासून मी घाई करते आणि मनगट दुखवून घेते. त्या दिवशी मी ती पोरगी काढली आणि माझा फोटो लावला, टोपीसकट, आणि खाली आडनावासकट खरं नाव. आवाज परत घातला. निम्मे लोक निघून गेले आणि काहींनी जाताना फसवणूक म्हणून शिव्याही घातल्या. त्या मी वाचल्या, कारण फसवणूक झालीच होती. प्रत्येकाला लिहिलं की चेहरा खोटा होता, बाकी सगळं मीच केलं आहे. जे राहिले ते माझे. आता लॉकर सांभाळणाऱ्या ताई येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात माझ्या पेजची चिठ्ठी कोंबतात, न्यायाधीश आपल्या सगळ्या जुन्या वकिलांना मिक्स पाठवून पिडतात, आणि तुझे बाबा कॅमेरा धरतात. दर व्हिडिओत माझं डोकं अर्धं कापलेलं असतं, पण धरतात मनापासून.

तुझ्या ऑफिसातली माणसं हसली तर हसू देत. मीही त्यांच्या जागी असते तर हसले असते, टोपीवर हेडफोन दिसतोच विनोदी. पण हसल्यावर त्यांतल्या कुणी ऐकलं का? पुढच्या वेळी साहेबांनी विचारलं तर सांग, ती माझी आई आहे, तिच्या ठोक्यावर सतरा माणसं न पडता चालतात. सांगवत नसेल तर गप्प बस, मला राग येणार नाही. मात्र माझ्याच हातून मला पुसायला लावू नकोस. रविवारी सकाळी दहाला मी तलावावरून पहिल्यांदा थेट वाजवणार आहे, चेहरा उघडा आणि आवाज चालू.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसले ते सांगते. तुझ्या मेलमधलं ते पोझिशनचं वाक्य मी वाचताक्षणी ओळखलं, कारण ते माझंच होतं. तू वीस वर्षांचा होतास. पलीकडच्या खोलीत दोन वर्षं तू तेच ते दोन ठोके जुळवत बसायचास आणि भिंतीच्या अलीकडे मी इस्त्री करता करता ते ऐकायचे. कुठे चुकलं हे मला तुझ्या आधी कळायला लागलं होतं. तू तुझे मिक्स इंटरनेटवर टाकलेस, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट. तुझ्या काकांनी ते चार लोकांत दाखवले, सगळे हसले, आणि मी घरी येऊन तुला म्हणाले की ते सगळं काढून टाक, माझ्या पोझिशनचा जरा तरी विचार कर. तू एका दुपारी सगळं पुसलंस आणि गाणी जुळवायची यंत्रं मित्राला देऊन टाकलीस. संध्याकाळी मुकाट्याने जेवलास, आणि मी बाबांना म्हणाले, पोरगं शहाणं झालं. तेव्हापासून तुला मी त्याच नावाने हाक मारते. त्यानंतर त्या भिंतीतून कधी काही ऐकू आलं नाही. गाडीत बसलास की तू रेडिओ बंद करतोस, हेही मला दिसतं. माझं चुकलं रे. तुझे मिक्स चांगले होते, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. तेव्हा तू मला नाही म्हणायला हवं होतंस, पण आईला नाही म्हणायचं तुझं वय नव्हतं. माझं आहे, म्हणून मी तुला नाही म्हणते आहे.

तुझीच, आणि आता कुणाचंही न ऐकणारी,
आई