बोल्टखालचा रंग

बाबा,

गाडी चालू झाली, तीही पहिल्याच किकला. तुमची दुपारची झोप मोडू नये म्हणून लगेच बंद केली. कोपऱ्यापर्यंत ढकलतच नेईन.

काकाकडून घेतलेला इग्निशनचा डबा ठणठणीत आहे. त्याने खराब माल तुमच्या गळ्यात मारला नव्हता, तुम्ही उगाच त्याच्याशी अबोला धरलात. तुम्ही हौसेने फ्रेम रंगवलीत ना, तेव्हा अर्थिंगच्या वायरीच्या बोल्टखालीसुद्धा रंग फासलात. वायरीला लोखंड लागतच नव्हतं, मग ठिणगी पडणार कुठून? नखाएवढा रंग खरवडला, बस्स.

आता याच गाडीवरून काकाला घेऊन येतेय. तोंड फुगवून बसू नका, तिघांचा चहा ठेवा. काय बिघडलं होतं ते मी त्याला सांगणार नाही. खरवडलेली जागा तुम्हीच दाखवा.