एका आठवड्याची मोजणी

सर, मागच्या मे महिन्यात मी एक अख्खा दिवस एकाच बसमध्ये बसून काढला. सकाळच्या पहिल्या फेरीला चढले आणि संध्याकाळपर्यंत तीच बस जाईल तिकडे जात राहिले. ड्रायव्हरला तिसऱ्या फेरीत शंका आली. "तुम्ही हरवलाय का?" असं त्यानं आरशातून विचारलं. मी म्हटलं, "नाही, काम करतेय." त्याला ते काही पटलेलं दिसलं नाही. अमेरिकेत, मिनियापोलिसबाहेर ईडन प्रेरीत मी आता वीसेक वर्षं राहते. छोट्या गावांच्या बससेवांचा अभ्यास करून अहवाल लिहिणारी एक लहानशी कंपनी आहे, तिथे नोकरी करते. म्हणजे तुम्ही शिकवलेलंच काम. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लिहायला बसले आहे, कारण त्या दिवसाबद्दल ज्याला सांगावं असं दुसरं माणूस मला सापडलं नाही. नवरा ऐकतो, पण मध्येच फोन बघतो. मुलगी म्हणते, "आई, इट्स जस्ट अ बस."

पण ते नीट सांगायचं तर आधी पुण्यातल्या तुमच्या स्वयंपाकघरात जावं लागेल. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. तुम्ही आम्हाला एका चौकात उभं करून चार तास रहदारी मोजायला लावली होती. मी तक्ता फार देखणा केला होता. बस, ट्रक, मोटार, स्कूटर, सायकल, आणि शेवटच्या रकान्यात 'किरकोळ'. वर्गात तुम्ही तो तक्ता उचललात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, "किरकोळ म्हणजे कोण?" मी म्हटलं, "सर, पायी चालणारे वगैरे." तुम्ही म्हणालात, "वगैरे म्हणजे कोण?" सगळा वर्ग हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तुम्ही पाहिलंत, पण तिथे काही बोलला नाहीत. जाताना फक्त म्हणालात, "रविवारी घरी ये. काकू घरी आहेत."

मला वाटलं, उरलेलं बोलून घ्यायला बोलावलंय. येऊन बघते तर तुम्ही बनियनवर, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलताय. काकू ओट्याशी चहा करताहेत. तुम्ही निम्मा ढीग माझ्याकडे सरकवलात. मीही सोलायला बसले. मग तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मीसुद्धा एकदा मोजणी केली होती. इंग्लंडात." काकू म्हणाल्या, "झालं, आता हिला सांगणार." पण त्यांनी गॅस बारीक केला आणि त्याही येऊन बसल्या.

तुम्ही शिष्यवृत्तीवर तिकडे शिकत होता. साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. सरकारनं ठरवलं होतं की रेल्वेचा तोटा आता पुरे झाला. नवे हमरस्ते बांधले जात होते, लोक मोटारी घेत होते, मग लहान गावांकडे जाणारे रेल्वेचे फाटे चालवायचे कशाला? ते बंद करावेत, लागलीच तर तिथे बस द्यावी, असा सगळा विचार. कुठला फाटा जगवायचा आणि कुठला नाही, हे ठरवायला गर्दी मोजायची होती. तीही एका आठवड्याची. तुमच्या विभागातून काही विद्यार्थी या कामाला घेतले होते. तुम्हाला उत्तरेकडचं समुद्रकाठचं एक छोटं स्टेशन मिळालं. एकच फलाट, एक बाक, आणि बोचरा वारा. सकाळी चार माणसं चढायची, दुपारी दोन, कधी कोणीच नाही. स्टेशनमास्तर रोज तुम्हाला कपभर चहा आणून द्यायचा आणि म्हणायचा, "जुलैत या साहेब, पाय ठेवायला जागा मिळणार नाही. सुट्टीला सगळी पोरं इथे समुद्रावर येतात." आणि एक म्हातारी बाई होती. फाट्याच्या दुसऱ्या टोकाला हॉस्पिटल होतं, तिथे तिचा नवरा. ती रोज जायची. तुमच्या हातातला बोर्ड बघून पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "तू मोजतोयस का रे? मग मला दोनदा मोज हं. मी परत येणार आहे."

हे सांगताना तुम्ही हसलात, आणि मग मटार सोलायचे थांबलात. मला अजून दिसतं, तुमच्या अंगठ्याखाली एक शेंग अर्धवट उघडी आहे आणि काकू तुमच्याकडे बघताहेत. मी विचारते, "मग सर? बंद झाला फाटा?" तुम्ही म्हणता, "बंद होण्याआधी सुनावणी झाली. गावातल्या शाळेत. मी गेलो होतो, मागे बसलो होतो. लोकांना बोलायची मुभा होती, पण आपल्याला किती त्रास होईल एवढंच सांगायचं. आकडे बरोबर आहेत का, असं विचारायचं नाही. ती बाई उठून बोलली. अध्यक्ष म्हणाले, आभारी आहोत. ते सद्गृहस्थ होते गं, वाईट नव्हते. आणि मला माहीत होतं की मोजणी हंगामाच्या आधीची आहे. मी सांगू शकलो असतो, की ही मी केलीय, हिच्यावर विसंबू नका. मी उठलो नाही." मी म्हटलं, "पण सर, तुम्ही सांगून काय झालं असतं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही. फाटा बंदच झाला असता. त्याच्या जागी बस दिली, तीही पुढे बंद झाली. मी मोजलं नसतं तर दुसऱ्या कोणी मोजलं असतं. पण मोजलं मी." काकू म्हणाल्या, "परका देश, शिष्यवृत्तीवर राहिलेला मुलगा. उठणार कसा?" तुम्ही पुन्हा शेंग उचललीत. मला म्हणालात, "सोल, सोल. बोलता बोलता खातेयस सगळे." किरकोळबद्दल त्या दिवशी तुम्ही एक शब्दही काढला नाहीत. मी घरी जाऊन तक्ता पुन्हा केला. डोक्यावर पाटी घेतलेल्या बायकांचा वेगळा रकाना केला. तुम्ही तो बघितलात आणि नुसती टिक केलीत.

आता इथलं सांगते. गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका गावानं आम्हाला काम दिलं. त्यांची एक बस दिवसभर रिकामी फिरते, ती बंद करून त्याऐवजी ॲपवरून बोलवायची व्हॅन ठेवावी का, एवढंच ठरवायचं होतं. मोजणी जानेवारीतल्या एका आठवड्याची. ती मीच करून घेतली होती, सर. त्या आठवड्यात थंडी अशी होती की श्वास मफलरवर गोठायचा, शाळासुद्धा दोन दिवस बंद होत्या. बसमध्ये कोण येणार? आकडे आले, मी ते तक्त्यात भरले, आलेख काढला, आणि मला काहीही आठवलं नाही. खरंच नाही. एप्रिलमध्ये अहवाल पक्का करताना 'एक आठवडा' हे शब्द मीच टाइप केले आणि माझे हात थांबले. मला मटाराचा वास आला.

म्हणून मी मेमध्ये त्या बसमध्ये जाऊन बसले. बस भरलेली नव्हती, खोटं कशाला सांगू. पण रिकामीही नव्हती. नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या दोघी होत्या, वॉकर घेतलेले एक आजोबा होते, लायब्ररीत जाणारी शाळकरी मुलं होती. आणि चौथ्या फेरीत पांढरे स्नीकर्स आणि त्यावर साडी अशा एक मावशी चढल्या. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून त्या सरळ शेजारी येऊन बसल्या. "मराठी का गं?" नागपूरच्या होत्या, मुलाकडे राहतात. मी विचारलं, "रोज येता का मावशी?" त्या म्हणाल्या, "रोज. तिकडे सीनियर सेंटर आहे ना, आमचा ग्रुप आहे. एक सोमाली बाई आहे, तिच्याशी माझं फार जमतं. भाषा येत नाही एकमेकींची, पण जमतं." जानेवारीत कुठे होता, विचारलं, तर म्हणाल्या, "जानेवारीत मी नागपूरला असते. आमच्यातले निम्मे म्हातारे तेव्हा इंडियात असतात. या थंडीत कोण मरायला थांबतंय?" मी त्यांना ॲपवरच्या व्हॅनबद्दल सांगितलं. त्यांनी फोन पर्समध्ये आणखी खाली ढकलला. "तो फोन मुलगा लावून देतो. मग मुलाला विचारा, सुनेला विचारा. या बसला कोणालाही विचारावं लागत नाही गं."

ऑफिसात मी अहवालाच्या पहिल्या पानावर एक परिच्छेद घातला, की मोजणी जानेवारीची आहे, एकाच आठवड्याची आहे, फक्त तिच्यावरून निर्णय घेऊ नये. माझा मॅनेजर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आपल्याच कॉलेजातला. हुशार आहे, माणूसही चांगला. तो म्हणाला, "यार, क्लायंटला नंबर हवाय, स्टोरी नकोय. आणि मोजणी आपलीच आहे, आपणच तिला नावं ठेवायची?" परिच्छेद शेवटच्या पुरवणीत गेला. तिथे कोणी जात नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

सुनावणी गावाच्या हॉलमध्ये झाली. मी मागच्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसले होते. मावशी मुलाला घेऊन आल्या होत्या, पण बोलल्या नाहीत, इंग्रजीची भीती. वॉकरवाले आजोबा बोलले. अध्यक्षबाईंनी मनापासून आभार मानले. आणि मग त्यांनी विचारलं, "आणखी कोणी?" सर, तेव्हा मला त्या शाळेतली तुमची मागची रांग आठवली. माझा व्हिसाचा प्रश्न कधीच सुटलाय, कोणी मला परत पाठवणार नव्हतं. मी उठले. म्हटलं, "ही मोजणी मी केली आहे. ती चुकीच्या आठवड्यात केली. कृपा करून तुम्ही हिच्यावर विसंबू नका." एवढंच. याहून मोठं भाषण मला सुचलं नाही. खाली बसताना मॅनेजरकडे बघायची हिंमत झाली नाही.

गावानं जूनमध्ये पुन्हा मोजणी केली, दुसऱ्या कंपनीकडून. ती बस राहिली, पण फेऱ्या कमी झाल्या आणि शनिवार गेला. त्या गावाच्या कामावरून मला काढलं, बाकी नोकरी शाबूत आहे. मॅनेजर आठवडाभर बोलला नाही, मग एक दिवस दोन कप कॉफी घेऊन आला आणि म्हणाला, "मला आधी सांगायचं तरी." ते त्याचं बरोबर होतं.

हल्ली इंग्लंडात तेव्हा बंद केलेले काही फाटे पुन्हा सुरू करताहेत, आणि गाड्याही हळूहळू सरकारच्या हातात परत येताहेत, असं वाचते. तुमच्या स्टेशनचं नाव तुम्ही एकदाच घेतलं होतं, ते लक्षात होतं. ते कुठल्याच यादीत मिळालं नाही. उपग्रहाच्या नकाशावर रुळांच्या जागी सायकलची वाट दिसते, दोन्हीकडे झाडं. कोणीतरी तिथला एक फोटोही टाकला होता, त्यात एक बाई कुत्र्याला फिरवत होती. मी बराच वेळ बघत बसले. तुम्हाला ते दाखवावं असं वाटलं, आणि दाखवू नये असंही.

काकूही गेल्या, घर विकलं गेलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं असतं का, सांगता येत नाही. कारण तुम्ही शाबासकी दिली असती आणि मग एक गोष्ट मला सांगावीच लागली असती. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर बसचा थांबा आहे. ती बस माझ्या ऑफिससमोर थांबते. इतक्या वर्षांत मी तिच्यात एकदाही बसलेले नाही. आज सकाळीही गाडीनंच गेले.